छऱ्याचा वेग आणि हवेच्या बंदुकीची पारख



छऱ्याच्या बंदुकीचा जोर किती, असें खेड्यांत कोणास विचारलें तर उत्तर आंकड्यांत मिळत नाहीं. तें वस्तूंत मिळतें. एक म्हणतो, माझा छर्रा तेलाच्या डब्याच्या आरपार जातो. दुसरा म्हणतो, माझा छर्रा फळींत शिरून दिसेनासा होतो. केज तालुक्यांतील नांदूरघाट घ्या, अथवा बालाघाटाच्या पठारावरचें दुसरें कोणतेंहि गांव घ्या. बंदूक विकत घेतांना किंवा ती दुरुस्त झाली कीं नाहीं हें ठरवितांना हीच पत्र्याची आणि फळीची कसोटी हाताशीं असते. ती अगदींच टाकाऊ आहे असें मी म्हणत नाहीं. परंतु तिचें उत्तर ‘गेला’ किंवा ‘नाहीं गेला’ एवढेंच असतें. एका डब्याचा पत्रा दुसऱ्याहून जाड, एक फळी ओली तर दुसरी वाळलेली; शिवाय आरपार गेल्यावर छऱ्यांत किती जोर शिल्लक होता, हें डबा सांगत नाहीं. मग जोर वाढला कीं घटला, याचा निकाल ज्याचा आवाज मोठा त्याच्या बाजूनें लागतो.

वास्तविक मोजावयाची गोष्ट एकच आहे. छर्रा नळीच्या तोंडांतून बाहेर पडतो तेव्हां त्याचा वेग किती असतो, हें कळलें म्हणजे पुष्कळसें कळलें. हा वेग मोजण्याची दोन साधनें तर घरांतल्याच वस्तूंतून उभीं राहतात. तीं कशीं वापरावीं, आणि मिळालेल्या आंकड्यांवरून पंपाची बंदूक नीट कशी लावावी, हें आज सांगावयाचें आहे.

प्रथम पंपाची बंदूक म्हणजे कोणती तें स्पष्ट करूं. जत्रेंत फुग्यांच्या फळ्यासमोर जी बंदूक ठेवलेली असते, ती बहुधा नळी मोडून ताणावयाची असते. तिच्या पोटांत एक जाड स्प्रिंग असते. चाप ओढला कीं स्प्रिंग सुटते, दट्ट्या पुढें धांवतो आणि त्याच्या पुढची हवा छऱ्याला ढकलते. तिचा जोर स्प्रिंगनें ठरवून दिलेला; नेमबाजाच्या हातांत तो नसतो. पंपाच्या बंदुकीची गोष्ट निराळी. तिच्या नळीखालीं सायकलच्या पंपासारखा एक पंप असतो. दांडा उघडून मिटला कीं हवेचा एक घोट लहानशा कोठींत जातो आणि एकमार्गी झडपेमुळें तेथेंच कोंडून राहतो. असे तीन, पांच, आठ पंप मारावे. मग चाप ओढतांच एक छोटा हातोडा कोठीच्या दुसऱ्या झडपेवर आदळतो आणि कोंडलेली हवा छऱ्यामागें सुटते. जोर किती ठेवावा हें येथें वापरणाऱ्याच्या मर्जीवर असतें. हाच तिचा गुण, आणि बहुतेक घोटाळ्यांचें मूळहि हेंच.

कारण सर्वसाधारण समजूत अशी कीं पंप दुप्पट केले म्हणजे वेग दुप्पट. तसें होत नाहीं. छऱ्याची गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. कोठींतील हवा दुप्पट झाली आणि तिची शक्ति त्याच प्रमाणांत छऱ्याच्या कामीं आली असें जरी धरलें, तरी वेग सुमारें १.४ पटच होईल. समजा, चार पंपांना सेकंदास १२० मीटर वेग मिळतो. तर आठ पंपांना २४० नव्हे, फार तर १७० मिळेल. प्रत्यक्षांत तितकाहि मिळत नाहीं, आणि त्याचें कारण पंपाच्या रचनेंत आहे.

दांडा पूर्ण मिटला तरी दट्ट्याचें डोकें आणि झडप यांच्यामध्यें थोडीशी पोकळी उरतेच. समजा, ही पोकळी पंपाच्या एकूण पोटाच्या पन्नासाव्या हिश्शाएवढी आहे. दाबतांना हवा तापते तो हिशेब तूर्त बाजूला ठेवूं. म्हणजे दांडा मिटल्यावर त्या पोकळींतील हवा पन्नास पटींनीं दाबली जाईल, त्याहून अधिक नाहीं. कोठींतला दाब बाहेरच्या हवेच्या पन्नास पटींपर्यंत आला, कीं पंपांतली हवा झडप उघडूंच शकणार नाहीं. दांडा जड लागतो, दंड भरून येतात, घाम फुटतो. कोठींत मात्र कांहीं जात नाहीं. त्या टोकाच्या अलीकडेहि प्रत्येक नव्या पंपाचा वांटा आधींच्यापेक्षां लहान होत जातो.

दुसरी अडचण झडपेची आहे. दाब फार झाला कीं हातोड्याच्या ठोक्यानें झडप पुरेशी उघडत नाहीं. हवा कमी सुटते, आणि पंप वाढविले असतां वेग उलट उतरतो. आणखी चढविल्यास झडप मुळींच उघडेनाशी होते. बंदूक भरलेली आहे, पण सुटत नाहीं! अशी बंदूक घरांत कोपऱ्याला उभी करून ठेवणें किती घातक, हें मुलाबाळांच्या घरीं सांगावयास नको. पत्र्याचा डबा फोडण्याच्या कसोटींतून ‘अजून दोन पंप मार’ एवढाच सल्ला निघतो. वेग मोजला म्हणजे कोठें थांबावें तें दिसतें.

वेग मोजण्याची जी पहिली भरंवशाची युक्ति निघाली, ती तोफाबंदुकांच्या गोळ्यांसाठीं. बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञानें १७४२ सालीं आपल्या तोफशास्त्रावरील ग्रंथांत ती प्रसिद्ध केली. गोळीच्या मागें डोळा लागत नाहीं. तेव्हां त्यानें ती एका टांगलेल्या जड लोलकाच्या लांकडांत घुसूं दिली. गोळीचा सारा आवेग त्या जड वस्तूंत वांटला गेला, वेग शेंकडों पटींनीं मंदावला, आणि लोलक किती मागें झुलला हें एका फितीवरून सावकाश मोजतां आलें. तोफखान्यांचे कित्येक जुने आडाखे त्या फितीनें खोटे पाडले. हवा गोळीला किती अडविते, याची खरी कल्पना तेव्हांच आली. हाच रॉबिन्स पुढें ईस्ट इंडिया कंपनीच्या किल्ल्यांच्या कामासाठीं आपल्या देशांत आला आणि १७५१ सालीं मद्रासच्या दक्षिणेस फोर्ट सेंट डेव्हिड येथें वारला.

रॉबिन्सचा लोलक कोणासहि घरच्या तुळईला टांगतां येईल. रुंद तोंडाचा एक हलका डबा घ्यावा आणि त्यांत काळ्या मातीचा मऊ मळलेला गोळा दाबून भरावा. ती माती मराठवाड्यांत विकत घ्यावी लागत नाहीं. डबा आणि माती मिळून २०० ग्रॅम भरावींत. डबा आडवा, तोंड बंदुकीकडे, असा चार दोऱ्यांनीं टांगावा. दोन दोऱ्या पुढें, दोन मागें, म्हणजे झुलतांना तो गिरकी घेणार नाहीं. दोऱ्यांची उभी लांबी बरोबर एक मीटर ठेवावी. डब्याच्या पाठीमागें मोजपट्टीवर कागदाची एक हलकी घडी ठेवावी. डबा तिला ढकलीत नेईल आणि जेथवर तो गेला तेथें ती पडून राहील. बंदुकीचें तोंड तीन मीटर दूर असावें, आणि मध्यें भोंक पाडलेला पुठ्ठा उभा करावा. नाहीं तर नळींतून सुटलेली हवाच डब्याला धक्का देते आणि आपण ती छऱ्याच्या नांवें मांडतों. वाराहि नसावा. छर्रा मातींत रुतून बसला पाहिजे. तो उसळून परत आला तर तो बार धरूं नये.

गणित अवघड नाहीं. एक मीटर दोरीच्या लोलकासाठीं, डबा जितके मीटर मागें गेला त्या आंकड्यास ३.१३ नें गुणावें. हा डब्याचा आरंभींचा वेग झाला. मग छऱ्यासह डबा हा एकट्या छऱ्याच्या किती पट जड आहे, त्या आंकड्यानें गुणावें. छर्रा अर्ध्या ग्रॅमचा, छऱ्यासह डबा २००.५ ग्रॅमचा, म्हणजे ४०१ पट. डबा १२.७ सेंटिमीटर झुलला असेल तर ०.१२७ गुणिले ३.१३ म्हणजे सुमारें ०.३९७५, आणि त्याची ४०१ पट म्हणजे १५९. छर्रा सेकंदास १५९ मीटर, अर्थात् सुमारें ५२० फूट, या वेगानें मातींत शिरला. घडीची जागा वाचण्यांत एक मिलिमीटरची चूक झाली तर उत्तरांत सव्वा मीटरचा फरक पडेल. दोरी आणि माती यांच्या साधनानें इतकें सूक्ष्म उत्तर मिळावें, हें मला तरी मोठें मौजेचें वाटतें.

छऱ्याचें वजन मात्र अंदाजानें धरूं नये. एक छर्रा घरच्या कोणत्या तराजूवर तोलणार? शंभर छर्रे मोजून सोनाराच्या कांट्यावर टाकावे आणि आलेल्या वजनास शंभरानें भागावें. दर बाराला डब्यांत अर्धा ग्रॅम शिसें वाढतें, आणि उलट माती वाळून वजन घटतें. म्हणून पांच-पांच बारांनंतर डबाहि पुन्हां तोलावा.

दुसरें साधन आज बहुतेकांच्या खिशांत आहे. भ्रमणध्वनीवरील ध्वनिमुद्रक बहुधा सेकंदाला ४४,१०० वेळां आवाजाची नोंद घेतो; इतकें बारीक घड्याळ रॉबिन्सच्या काळीं कोणत्याहि राजाजवळ नव्हतें. नळीच्या तोंडापासून मोजून दहा मीटरांवर पत्र्याचा तुकडा किंचित् खालीं झुकता उभा करावा, म्हणजे छर्रा आपटून जमिनीकडे जाईल. त्याच्यामागें मातीचा ढीग असावा. एक आवाज बार सुटतांना होतो, दुसरा छर्रा पत्र्यावर आदळतांना. दोहोंमधला काळ मुद्रणांत दिसतो. परंतु येथें एक खोंच आहे. ध्वनीला स्वतःलाहि वेळ लागतो. आपल्याकडील हवेंत तो सेकंदास सुमारें ३५० मीटर चालतो. यंत्र बंदुकीजवळ ठेवलें तर पत्र्याचा आवाज दहा मीटर परत यावयास हवा, आणि त्यांत सेकंदाचे सुमारें २९ हजारांश जातात. तेवढे वजा करावे लागतात. तें विसरलें तर छर्रा आहे त्याच्या दोनतृतीयांश वेगाचा भासतो.

यावर सोपा तोडगा असा कीं यंत्र ठेवावें मध्यावर, पांच मीटरांवर, आणि माऱ्याच्या रेषेपासून दोन मीटर बाजूला. मग दोन्ही आवाजांना सारखेंच अंतर चालून यावें लागतें, दोहोंचा उशीर सारखाच होतो, आणि मधला काळ हा छऱ्याच्या प्रवासाचाच काळ ठरतो. मुद्रण संगणकावर उघडून दोन शिखरांमधील अंतर वाचावें. ६४ हजारांश सेकंद आला, तर दहास ०.०६४ नें भागून १५६ मीटर. हा सरासरी वेग झाला. नळीच्या तोंडाशीं तो याहून कांहींसा अधिक असतो, कारण कमरेशीं बारीक असा हा हलका छर्रा हवेंत भराभर मंदावतो. भिंतीजवळ प्रयोग केल्यास प्रतिध्वनि तिसरें शिखर उभें करतो. मोकळें माळरान उत्तम.

तिसरें साधन विकतचें. या वेगमापकांत प्रकाशाचीं दोन दारें असतात. पहिल्यांतून छर्रा जातांना त्याची सावली घड्याळ सुरू करते, दुसऱ्यांतून जातांना थांबविते. दारांत ३० सेंटिमीटर अंतर असेल तर १६० मीटर वेगाचा छर्रा तें दोन हजारांश सेकंदांहूनहि कमी काळांत ओलांडतो. साधन चांगलें, परंतु कडक उन्हांत किंवा लुकलुकत्या विजेच्या दिव्याखालीं तें वाटेल तो आंकडा दाखवितें. म्हणून ज्याच्याजवळ तें आहे त्यानेंहि एकदां मातीचा लोलक टांगून दोहोंची गांठ घालून द्यावी.

आतां आंकडे हातीं आल्यावर काय करावयाचें? एका बारावरून कांहींच ठरवूं नये. पंप तेवढेच, छर्रे त्याच खोक्यांतले, असे दहा बार घ्यावे आणि दहाहि लिहावे. एका बंदुकीचे आंकडे असे आले समजा : १५८, १६०, १५९, १६१, १५७, १६०, १५८, १६२, १५९, १५६. सरासरी १५९, आणि सर्वांत मोठा व सर्वांत लहान यांत अंतर ६. दुसरीचे आले : १७१, १५८, १७६, १४९, १६५, १८०, १५२, १६९, १६०, १७०. सरासरी १६५, पण अंतर ३१. बाजारांत दुसरीला अधिक किंमत येईल, कारण तिनें एकदां १८० ची उडी मारली आहे. नेमबाजाला विचाराल तर तो पहिली उचलील.

त्याचें कारणहि आंकड्यांतच आहे. दहा मीटरांच्या स्पर्धेंतील बंदुकीचा छर्रा सेकंदास १७० मीटरांच्या आसपास वेगानें सुटतो आणि लक्ष्यापर्यंत जाण्यास सुमारें ६० हजारांश सेकंद घेतो. तेवढ्यांत गुरुत्वाकर्षणानें तो सुमारें १८ मिलिमीटर खालीं येतो. माशी लावतांना हा उतार आधींच जमेस धरलेला असतो. आतां वेग दोन टक्क्यांनीं कमी झाला तर उतार चार टक्क्यांनीं वाढतो, म्हणजे छर्रा पाऊण मिलिमीटर खालीं लागतो. हा फरक क्षुद्र वाटेल. परंतु रायफलच्या लक्ष्याच्या मध्यावरील दहा गुणांचा ठिपका अवघ्या अर्ध्या मिलिमीटरचा असतो, आणि हल्लीं गुण दशांशांत मोजतात, जेथें पाव मिलिमीटरला एक दशांश जातो. पहिल्या बंदुकीची चूक तेवढीच राहील. दुसरीची त्याच्या पांचपट होईल, आणि नेमबाज मात्र आपल्या हाताला दोष देत बसेल. महाराष्ट्रानें या खेळांत मोठें नांव मिळविलें आहे. अंजली भागवत २००० सालीं सिडनीच्या, आणि सुमा शिरूर २००४ सालीं अथेन्सच्या ऑलिंपिकमध्यें याच दहा मीटर एअर रायफलच्या अंतिम फेरींत पोंचल्या. ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ सालीं कैरो येथें जगज्जेता झाला. त्यांच्या बंदुका अर्थात् पंपाच्या नव्हेत. त्यांत आधींच दाबून भरलेल्या हवेची नळकांडी असते आणि प्रत्येक बाराला सारखीच हवा तोलून सुटते. पंपाच्या बंदुकीला तो सारखेपणा माणसाच्या हातानें आणावा लागतो.

खोक्यांवर छापलेल्या वेगाविषयीं एक शब्द. तो पुष्कळदां अतिशय हलक्या मिश्रधातूच्या छऱ्यानें मिळविलेला असतो. हलका छर्रा अधिक धांवतो, जोर मात्र अधिक असतोच असें नाहीं. म्हणून दोन बंदुका तोलावयाच्या तर छर्रा एकच हवा, किंवा ऊर्जा काढावी : छऱ्याचें वजन किलोग्रॅममध्यें, गुणिले वेगाचा वर्ग, भागिले दोन, उत्तर ज्यूलमध्यें. ०.५२ ग्रॅमचा छर्रा १६० मीटर वेगानें जात असेल तर ऊर्जा सुमारें ६.७ ज्यूल.

हा हिशेब कायद्याच्या दृष्टीनेंहि महत्त्वाचा आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणें जिची ऊर्जा २० ज्यूलपेक्षां अधिक, किंवा जिच्या नळीचा व्यास ४.५ मिलिमीटरपेक्षां अधिक, त्या हवेच्या बंदुकीस परवाना लागतो. वर सांगितलेल्या छऱ्यासाठीं २० ज्यूल म्हणजे सेकंदास सुमारें २७७ मीटर. कोणी कारागीर जादा स्प्रिंग, मोठी कोठी घालून बंदूक ‘कडक’ करून देतो म्हणाला, तर ती ही रेषा ओलांडते कीं काय हें डबा फोडून कळणार नाहीं, मोजूनच कळेल. आणि परवाना लागत नाहीं म्हणून बंदूक खेळणें ठरत नाहीं. याच्या चौथाई वेगाचा छर्राहि माणसाचा डोळा कायमचा घालवूं शकतो. नळी कोणाकडेहि रोखूं नये, रिकामी आहे अशी खात्री असली तरी रोखूं नये. माऱ्यामागें भिंत नको, मातीचा ढीग हवा. छर्रे शिशाचे असतात, म्हणून हात धुतल्यावांचून भाकरीला लावूं नयेत.

पांखरांसंबंधींहि बोललेंच पाहिजे. ज्वारी हुरड्यावर आली कीं माळ्यावर उभा राहून गोफण फिरविणारा राखणदार पांखरें उडवून लावीत असे. गोफणीचा खडा चुकून एखाद्या पांखराला लागे. छऱ्याची बंदूक तें काम चुकून करीत नाहीं, नेम धरून करते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें मोर मारणें हा गंभीर गुन्हा आहे, आणि इतर बहुतेक रानपांखरांनाहि त्या कायद्याचें संरक्षण आहे. याच बीड जिल्ह्यांत, पाटोदा तालुक्यांत, नायगांवचें मयूर अभयारण्य आहे. तेथील मोर अभयारण्याची हद्द पाहून शेतांत उतरत नाहीं. वेगाची सर्व परीक्षा कागदावर, मातीवर आणि पत्र्यावरच करावी.

आतां बंदूक लावण्याकडे वळूं. पहिलें काम पंपांचा तक्ता करण्याचें. दोन पंपांपासून आरंभ करून उत्पादकानें सांगितलेल्या कमाल संख्येपर्यंत, प्रत्येक संख्येला पांच-पांच बार घ्यावे आणि सरासरी लिहावी. आरंभीं एकेका पंपानें वेग बराच चढतो, मग चढ कमी कमी होत जातो. जेथें आणखी एका पंपानें दोन-तीन मीटरांहून अधिक लाभ होत नाहीं, त्याच्या अलीकडे थांबावें. तीच त्या बंदुकीची कामाची संख्या. बार झाल्यावर, छर्रा न घालतां, तोंड मातीकडे करून पुन्हां एकदां चाप ओढावा. फुस्स असा आवाज आला तर कोठींत हवा उरली होती, म्हणजे पंप जास्त झाले असें समजावें.

दुसरें काम हात सारखा करण्याचें. दांडा दरवेळीं पूर्ण उघडावा, पूर्ण मिटावा, आणि चाल एकच ठेवावी. घाईनें पंप मारून लगेच बार केला तर तापलेल्या हवेचा दाब जास्त असतो. तीच बंदूक दोन मिनिटें ठेवून बार केला तर हवा निवते आणि वेग उतरतो. पंप मारल्यावर मनांत दहा अंक मोजून मगच चाप ओढावा, दहाहि वेळां तसाच. केवळ एवढ्यानें पुष्कळ बंदुकांचें अंतर बरेंच खालीं येतें, आणि त्याला खर्च कांहीं नाहीं. छर्रा नळींत बसवितांनाहि तो दरवेळीं सारखाच सरळ बसावा; ज्याचा घेर चेपलेला तो बाजूला काढावा.

बालाघाटावरच्या श्रोत्यांसाठीं येथें एक विशेष सांगतों. समुद्रसपाटीपासून सहाशें मीटरांच्या आसपासच्या उंचीवर हवेचा दाब मुंबईच्या मानानें सुमारें सात टक्क्यांनीं कमी असतो. म्हणून येथें प्रत्येक पंप तितकाच कमी भरतो, आणि मुंबईस १६० मीटर देणारी बंदूक तेवढ्याच पंपांना १५४ च्या जवळपास देते. तिला दोष नाहीं, आणि तिला कोणाकडून ‘कडक’ करून घेण्याचें कारणहि नाहीं. उन्हाळ्यांत हवा विरळ होते म्हणून वेग तितकाच पडेल असें कोणास वाटेल. तसें होत नाहीं, कारण पंपांत शिरणाऱ्या हवेचा दाब तोच असतो. मात्र सावलींत भरलेली बंदूक उन्हांत ठेवली, तर आंतली हवा दर दहा अंश सेल्सिअसला तीन टक्क्यांहून थोडी अधिक जोर धरते. ती तशी ठेवूंच नये.

इतकें करूनहि दहा बारांचें अंतर मोठेंच राहिलें, अथवा पूर्वीच्या वहीपेक्षां सरासरी उतरली, तर दोष बंदुकींत शोधावा. बंदूक भरून, तोंड मातीच्या ढिगाकडे ठेवून, एक मिनिट कान द्यावा. बारीक सुस्कारा ऐकूं येत असेल तर झडप गळते. झडप ठीक आणि तरी दांडा पूर्वीपेक्षां हलका लागतो, तर दट्ट्याचा वायसर झिजला, मग तो जुन्या तऱ्हेचा चामड्याचा असो कीं हल्लींचा रबराचा. ज्या बंदुकींत दट्ट्याची लांबी आट्यांनीं कमीजास्त करतां येते, तेथें दांडा मिटल्यावर उरणारी पोकळी किंचित् कमी करावी. पाव फेरा फिरवावा आणि पुन्हां दहा बार मोजावे. एका वेळीं एकच गोष्ट बदलावी. दोन बदलल्या आणि वेग वाढला, तर श्रेय कोणाचें हें कधींच कळणार नाहीं.

तेल अगदीं थोडें, उत्पादकानें सांगितलेलेंच, एक-दोन थेंब. खोबरेल तर नकोच. तें हिंवाळ्याच्या सकाळीं थिजतें आणि झडपेला चिकटून बसतें. अधिक तेलानें वेग बाराबाराला उड्या मारूं लागतो. नवा वायसर घातल्यावरहि आरंभींचे वीस-पंचवीस बार वेग स्थिर नसतो, कारण तो नळींत बसावयास वेळ घेतो. ते आंकडे तारीख आणि पंपांची संख्या घालून वहींत लिहावे, पण सरासरींत धरूं नयेत. त्यानंतरच्या दहा बारांपासून नवें पान सुरू करावें.